खोकं तेच, पोट वेगळं

यमुनाक्काला तापट म्हणणाऱ्या माणसांचा मला राग येतो. परवा एका लग्नात आमच्या जुन्या गल्लीतलं कुणीतरी सहज म्हणालं, "ती बाई डोक्यानं जरा गरमच की." आजूबाजूचे चारजण हसले. मी ताट तसंच ठेवून उठलो. बायको म्हणाली, एवढं काय झालं? काय झालं ते सांगायचं तर बरंच मागं जावं लागेल.

सोलापूरच्या पूर्व भागात आम्ही बरीच वर्षं भाड्यानं राहत होतो. मी शाळेत मराठी शिकवायचो. भिंतीला भिंत लागून यमुनाक्काचं घर. माणसं पद्मशाली, घरात बोलणं तेलुगू, बाहेर मराठी आणि भांडण दोन्हीत. वडिलांचे माग होते. त्या खडखडाटात ती लहानाची मोठी झाली, त्यामुळे "चहा घेणार का" हेसुद्धा ती पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारायची. नवीन माणसाला वाटायचं, बाई भांडायला उठली.

नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन हैदराबादला. माग कधीच विकले होते. ज्या खोलीत माग चालायचे तिथे आता टेबल, त्यावर कॉम्प्युटर आणि समोर यमुनाक्का, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. चादरी, टॉवेल, भिंतीवर लावायची वॉल हँगिंग, यांची डिझाइनं ती काढायची. वडील चौकटीच्या कागदावर रंग भरायचे, ती पडद्यावर भरायची. कारखानदार तिच्या पायऱ्या चढून यायचे. साधी, बिचारी वगैरे ती अजिबात नव्हती. आपल्या कामाचा तिला गर्व होता आणि तो ती झाकत नव्हती.

टॉवेल हातात आला की ती आधी तो उलटा करायची, मग उजेडासमोर धरायची. माझ्या मुलीच्या बारशाला माझ्या एका सहकाऱ्यानं सोनेरी खोक्यातला टॉवेलचा सेट दिला. यमुनाक्कानं खोकं उघडलं, टॉवेल खिडकीकडे धरला आणि भर पाहुण्यांत म्हणाली, "दोन धुण्यांत याची जाळी होणार. कुणी आणलाय हा?" आणणारा शेजारीच पेढा खात उभा होता. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. नंतर मी तिला म्हणालो, आक्का, जरा सांभाळून बोलायचं. तर म्हणाली, "मी त्यांना कुठं बोलले? ज्यानं असला माल सोनेरी खोक्यात घातला त्याला बोलले. तुमच्या मित्राला फसवलंय मास्तर. त्यांना राग यायला पाहिजे की! ते हसत बसलेत."

तिच्या रागाची तऱ्हा ही अशी. फसवलेला माणूस चिडत नाही याचाच तिला संताप यायचा. "खोक्यावर काय छापलंय ते नको," ती दुकानदाराला म्हणायची, "पोटात काय आहे ते सांग."

माझा घरचा कॉम्प्युटर एकदा इतका मंद झाला की चालू करून मी आंघोळ उरकून यायचो. नवीन घ्यावा म्हणून तिला विचारलं. ती म्हणाली, "कॉम्प्युटर कशाला टाकता? आतली फिरणारी तबकडी टाका, एसएसडी ड्राइव्ह बसवा." आणि मग तिनं मला खुर्चीवर बसवून तासभर शिकवलं. टेबलावर सुताच्या गुंड्या मांडल्या.

"हे बघा मास्तर. आत लई बारीक बारीक खोल्या असतात. एकेका खोलीत वीज कोंडायची. किती कोंडली त्यावरून आत काय लिहिलंय ते कळतं. पहिल्या ड्राइव्हमध्ये खोली एक तर भरलेली, नाहीतर रिकामी. म्हणजे काळं सूत आणि पांढरं सूत. लांबून पण ओळखाल. मग कंपन्यांना वाटलं, तेवढ्याच खोलीत जास्त माल भरू. टीएलसी काढली. तिच्यात आठ पातळ्या. म्हणजे लाल रंगाच्या आठ छटा. नीट बघितलं तर ओळखू येतात. आता क्यूएलसी. सोळा छटा. सोळा लाल सुतं ओळीनं ठेवली तर तुम्हाला ओळखू येतील का?"

"नाही."

"मलाच वेळ लागेल. ड्राइव्हला पण लागतो. भरायला वेळ लागतो, आणि रंग जरा उतरला की ही छटा शेजारच्या छटेत गेली. म्हणून मग दारात एक ओसरी ठेवतात. माल आला की तिथं फटाफट उतरवायचा, आत लावायचा सावकाश. तुम्ही दुकानात बघता ती ओसरीची चपळाई. ओसरी भरली की गाड्या रस्त्यात उभ्या."

"म्हणजे क्यूएलसी घ्यायचीच नाही?"

"घ्या की! गाणी ठेवा, सिनेमे ठेवा. एकदा लिहायचं आणि दहा वेळा बघायचं, त्याला चालते. स्वस्त पण पडते. पण सांगून द्या ना. नायलॉन द्या, पण सूत म्हणून नका देऊ."

अशा ड्राइव्ह ती स्वतः विकत घेऊन ताडून बघायची. डिझाइनं आणि जुन्या कागदांची स्कॅन केलेली चित्रं यांचा डोंगर तिच्याकडे होताच. तो एकदम ड्राइव्हवर ओतायचा, आणि वेग कुठं मोडतो ते बघत बसायचं. अशा बऱ्याच तपासून तिनं एक निवडली होती. नाव घेत नाही. घेतलं तर काय होतं ते पुढे येईलच. आत टीएलसी, ओतत राहिलं तरी दम न सोडणारी. तिनं ती स्वतः वापरली आणि मग विचारेल त्याला तीच सांगू लागली. माझ्याकडे तीच बसवली. गल्लीत, कारखान्यांत, नात्यात तीच. सगळे घ्यायचे इरफानभाईच्या दुकानातून. इरफानभाई तिचा खूप वर्षांचा दुकानदार. तिचा पहिला कॉम्प्युटर त्यानंच जोडून दिला होता. ती त्याला अरे-तुरे करायची, तो तिला आक्का म्हणायचा, आणि ईदला शीरखुर्मा आमच्याआधी तिच्या घरी यायचा.

मोडनिंबचा बाळासाहेब लग्नाचे फोटो आणि शूटिंग करायचा. एका कारखान्यासाठी यमुनाक्काच्या चादरींचे फोटो काढायला आला होता, तेव्हा त्यानं तिला विचारलं, घरच्या कॉम्प्युटरला कुठली ड्राइव्ह घेऊ? तिनं सांगितली. त्यानं इरफानभाईकडून घेतली.

दीड-दोन महिन्यांनी तो परत आला. दुपारची वेळ, मी ओट्यावर पेपर तपासत बसलो होतो. बाळासाहेबाच्या कपाळावर टाके होते. तो आत गेला नाही. पायरीवर बसला आणि खिशातून रुमालात गुंडाळलेली ती ड्राइव्ह काढली. च्युइंगमच्या पट्टीएवढी वस्तू.

झालं होतं ते असं. लागोपाठ दोन लग्नं. पहिल्याचं शूटिंग त्यानं ड्राइव्हवर उतरवलं आणि दुसऱ्यासाठी कॅमेऱ्याची कार्डं पुसली. दुसरं लग्न उतरवायला लागला तशी ड्राइव्ह आधी पळाली, मग रांगायला लागली. अर्ध्या तासाचं काम संध्याकाळपर्यंत चाललं. तेवढ्यात लाईट गेली. लाईट आली तेव्हा कॉम्प्युटरला ड्राइव्ह दिसेचना. दुसऱ्या लग्नाचं शूटिंग कार्डांत होतं, ते वाचलं. पहिलं गेलं. नवरीच्या भावानं बाळासाहेबाचाच कॅमेरा त्याच्या डोक्यात घातला होता.

हे सगळं त्यानं खाली बघत सांगितलं. आवाज चढवला नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "आक्का, तुमी म्हनला म्हनून घेतली की."

यमुनाक्का दारात उभी होती. तिनं ड्राइव्ह हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. मग चपला घातल्या. मला म्हणाली, "मास्तर, स्कूटर काढा."

इरफानभाईच्या दुकानात गिऱ्हाइकं होती. तिनं पायरीवरूनच सुरुवात केली. "चोरा! माझ्या नावावर डुप्लिकेट माल विकतोस? माझ्या?" त्यानं खुर्ची पुढे केली, ती तिनं पायानं सरकवली. त्याच्या बापापर्यंत गेली. गिऱ्हाइकं निघून गेली. बाळासाहेब मागं उभा राहून "जाऊ द्या आक्का" म्हणत होता. इरफानभाईचा चेहरा पांढरा पडला होता. ती दम घ्यायला थांबली तेव्हा त्यानं आतून दोन खोकी आणली, एक जुन्या मालातलं, एक नवीन. दोन्ही सीलबंद. नाव तेच, रंग तोच, नंबर तोच.

"आक्का, दोनों कंपनी का माल है. तुम्हीच फोडा."

तिनं फोडली. ड्राइव्हवरची चिकटपट्टी सोलली, कापडातले दोरे मोजायचं भिंग डोळ्याला लावलं आणि चिपांवरची अक्षरं वाचली. दोन्ही ड्राइव्ह शेजारी शेजारी ठेवल्या. तंत्रातलं काही न कळणाऱ्या मलाही दिसलं: एकीवर चार काळ्या चिपा, दुसरीवर दोनच, आणि त्यांचे नंबर वेगळे. मग तिनं नवी ड्राइव्ह दुकानातल्या कॉम्प्युटरला लावली आणि व्हिडिओ ओतायला लावले. आम्ही पडद्याकडे बघत बसलो. वेगाचा आकडा बराच वेळ ताठ उभा होता, मग कोसळला आणि तिथंच पडून राहिला.

कंपनीनं नाव बदललं नव्हतं, नंबर बदलला नव्हता. आतली मेमरी बदलली होती. टीएलसी काढून क्यूएलसी घातली होती, आणि कुणालाही सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकाला नाही, दुकानदाराला नाही.

यमुनाक्का उठली आणि इरफानभाईला म्हणाली, "तुला शिव्या दिल्या त्या परत घेते. बापाला दिल्या त्या पण." तिच्या तोंडून माफीच्या जवळपास जाणारं मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

पण तिचं समाधान त्यानं होणार नव्हतं. पुढच्या रविवारी ती बाळासाहेबाला घेऊन नवरीच्या घरी गेली. मलाही ओढलं. माढ्याजवळ उसाच्या रानातली वस्ती. नवरीचा भाऊ आम्हाला बघून उठलाच, पण पुढे बाईमाणूस आहे म्हणून थांबला. यमुनाक्का अंगणातच उभी राहिली आणि नेहमीच्या चढ्या आवाजात सांगायला लागली, की चूक या पोराची नाही, मी सांगितलेली वस्तू खोटी निघाली, कंपनीनं आत दुसराच माल घातला. आठ छटा, सोळा छटा हेही सांगायला लागली. नवरीची आई चुलीपुढून उठून आली, पदराला हात पुसत. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बाई, मशिनीच्या आत काय असतंय ते आमाला न्हाय कळत," ती म्हणाली. "पोरीच्या पाठवणीच्या टायमाला मी चक्कर येऊन पडले. तिला जाताना मी बघितलंच न्हाय. हा म्हनला हुता, मावशी, सगळं घेतलंय, नंतर बघा. आता कुटं बघू?"

आम्हाला चहा दिला गेला. यमुनाक्काचा चहा तसाच राहिला. एसटीनं परतताना मोडनिंबला बाळासाहेब उतरला, मग सोलापूर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. गल्लीत शिरताना म्हणाली, "त्या कंपनीत कुणी बसलं असेल ना मास्तर, मोठ्या टेबलाशी? त्यानं ठरवलं असेल, नाव तेच ठेवा, माल हलका घाला, कुणाला कळतंय. त्याला ही बाई दाखवायला पाहिजे."

कंपनीला तिनं इतके फोन केले की शेवटी पुण्याहून त्यांचा माणूस आला. भेट इरफानभाईच्या दुकानात ठरली. इरफानभाईनं तिला शब्द दिला होता: मी सांगतो, दोन्ही खोकी माझ्याकडची, सीलबंद होती, माझ्यासमोर फोडली, आत माल वेगळा निघाला.

माणूस तरुण होता, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. प्रत्येक वाक्याला मॅडम. "मॅडम, यूपीएस नव्हता. मॅडम, दुसरी कॉपी ठेवली नव्हती." हे खरंच होतं, आणि बाळासाहेबानं मान खाली घातली. "आणि मॅडम, स्पीडचं म्हणाल तर बॉक्सवर आम्ही ‘अप टू’ लिहिलेलं आहे."

"अप टू म्हणजे?"

"म्हणजे त्या स्पीडपर्यंत."

"पर्यंत," यमुनाक्का म्हणाली. "मी तुला चादर विकते. लेबलवर लिहिते, आठ फुटांपर्यंत. घरी जाऊन उघडतोस तर पाच फूट. रात्री पाय बाहेर. माझ्याकडे आलास तर मी सांगू का, बाबा, पर्यंत लिहिलंय, वाच?"

तो हसला. हसायला नको होतं. तिनं टेबलावर मूठ आपटली, चहाचे कप उडाले. "हसू नकोस! लोकांनी याचं डोकं फोडलंय. एका आईला तिची पोरगी जाताना दिसली नाही. तुमच्या ‘पर्यंत’मध्ये हे कुठं बसतं ते दाखव!"

त्यानं शर्टावरचा चहा पुसला आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही फोडलेला माल आमचाच होता हे कशावरून? बाजारात नकली माल खूप आहे." मग इरफानभाईकडे वळला. "काय हो, तुमच्यासमोर उघडला का? आत फरक होता?"

इरफानभाई काउंटरची काच पुसत होता. पुसलेलीच पुसत होता.

"मुझे उसमें का कुछ समजता नहीं साब," तो म्हणाला. "मैं तो खोका बेचता."

मी यमुनाक्काकडे बघितलं. आता ही दुकान डोक्यावर घेणार. पण तिनं फक्त इरफानभाईकडे एकदा बघितलं, दोन्ही फोडलेल्या ड्राइव्ह उचलून पदराच्या टोकात बांधल्या आणि पायऱ्या उतरून गेली. तिला शिव्या देताना मी शेकडो वेळा ऐकलं होतं, भीती कधी वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली.

बाळासाहेबाला त्या माणसानं तिथंच नवी, वरच्या दर्जाची ड्राइव्ह दिली आणि ‘तक्रार नाही’ म्हणून सही घेतली. बाळासाहेबानं सही केली. त्याच्यावर मी चिडलो, मग स्वतःवर चिडलो, कारण दरमहा पगार घेणाऱ्या माणसानं त्याच्यावर चिडणं हेही एक हलकंच काम होतं.

नंतर कळलं, आदल्या दिवशी इरफानभाईला माल पुरवणाऱ्या ठोक व्यापाऱ्याचा फोन आला होता. तोंड उघडलंस तर कुठल्याच कंपनीचा माल मिळणार नाही. काही दिवसांनी त्यानं मला रस्त्यात गाठलं. "मास्तर, आक्का को बोलो ना, मैं गलत किया." मी येऊन तिला सांगितलं. ती पडद्यावर मोराचं पीस भरत होती. मान न वळवता म्हणाली, "त्याला दोन पोरी आहेत. त्यानं केलं ते बरोबर केलं. पण मी आता त्याच्याकडे जाणार नाही." आणि गेली नाही. त्या दुकानासमोरून जायची, पण पलीकडच्या बाजूनं.

मग एके दिवशी तिनं मला बोलावलं. दोन उघड्या ड्राइव्हचा शेजारी शेजारी फोटो आणि खाली मजकूर, असा संदेश तिनं तयार केला होता. मराठीत आणि तेलुगूत. "मराठी तेवढं तपासा मास्तर. शुद्धलेखनाची एक चूक नको. आणि शिवी आली असेल तर काढा."

शिवी एकही नव्हती. ड्राइव्हचं नाव, आधी आत काय होतं, आता काय आहे, कसं ओळखायचं, आणि शेवटी: ‘ही ड्राइव्ह घ्या असं मी सांगितलं होतं. ते मी परत घेते.’ खाली पूर्ण नाव आणि पत्ता. तो संदेश गावभर फिरला, गावाबाहेरही गेला. मग वकिलाची नोटीस आली. कंपनीची बदनामी केली, संदेश मागे घ्या, जाहीर माफी मागा. हैदराबादहून मुलगी आली, जावई आला. जावई मोठ्या कंपनीत होता, त्यानं हात जोडले. गल्लीतले लोक यायचे आणि म्हणायचे, कशाला लागता आक्का मोठ्यांच्या नादी. ज्यांच्या कॉम्प्युटरला तिनं फुकट ड्राइव्ह बसवून दिल्या होत्या तेच म्हणायचे. चहा पिऊन म्हणायचे.

"एक ओळ खोटी दाखवा," ती म्हणायची, "आत्ता पुसते."

कुणी दाखवली नाही. तिनं पुसलं नाही. नोटिशीचं पुढे काही झालं नाही. त्यांनाही कोर्टात आतली चिप दाखवायची नसावी. काही महिन्यांनी त्या नावाची ड्राइव्ह बाजारातून नाहीशी झाली आणि तोच माल नव्या नावानं, नव्या खोक्यात आला. याला न्याय म्हणायचं असेल तर म्हणा. बाळासाहेब आता मोडनिंबला पासपोर्टचे फोटो काढतो. लग्नं त्याला कुणी सांगत नाही. आणि गल्लीनं काय लक्षात ठेवलं? बाई डोक्यानं गरम होती.

आम्ही नंतर जुळे सोलापूरला राहायला गेलो. भेटी कमी झाल्या. मागच्या उन्हाळ्यात होटगी रस्त्यावरच्या एका मोठ्या एसी दुकानात मी पंखा घ्यायला गेलो होतो. कॉम्प्युटरच्या बाजूनं तो आवाज आला. यमुनाक्का होती. केस पार पांढरे झालेले. समोर एक तरुण जोडपं, हातात ड्राइव्हचं खोकं. "आत काय आहे ते लिहिलंय का? नाही ना? मग या पोराला विचारा. त्याला माहीत नसेल तर मॅनेजरला बोलवायला सांगा. तुमचा हक्क आहे की!" निळ्या टी-शर्टमधला विक्रेता छताकडे बघत होता. मुलगी नवऱ्याच्या कानात काहीतरी म्हणाली, दोघं हसली. मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "थँक्यू आंटी," आणि तेच खोकं घेऊन दोघं बिलाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

मी हाक मारणार होतो. तेवढ्यात यमुनाक्कानं पदर खोचला, त्यांच्या मागोमाग गेली आणि रिकाम्या हातांनी त्याच रांगेत उभी राहिली. मुलाच्या खांद्यावर तिनं दोन बोटांनी टकटक केलं. तो वळला, आणि ती परत पहिल्यापासून सांगायला लागली.